जवायाचा फोन आणि दानाची कोठी

सौंदडच्या चंद्रशेखर मेश्रामांच्या घरात वस्तू जुनी होत नसे. तिच्यावरचं प्लास्टिक तेवढं जुनं होई. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, सोफ्याच्या गाद्या प्लास्टिकमध्ये, आणि स्कूटर घेऊन सहा वर्षं झाली तरी तिची सीट दुकानातून आली त्याच पिशवीत. उन्हाळ्यात त्या सीटवरून माणूस चर्रकन आवाज करत उठे. कोणी तक्रार केलीच तर मेश्राम म्हणत, "आवाज माणसाचा होते, सीटचा नाही."

तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर उभी हयात गेली की माणसाचं एक तत्त्वज्ञान होतं. वस्तू जशी आली तशीच राहिली पाहिजे, हे मेश्रामांचं तत्त्वज्ञान. मागल्या दिवाळीला लेकीनं, रीनानं, त्यांना मोबाइल भेट दिला होता. मेश्रामांनी तो डब्यातून काढला, पाहिला, "छान आहे" म्हणाले, आणि पुन्हा डब्यात घालून कपाटात ठेवला. त्याच्यावर बाहेरची धूळ म्हणून बसली नाही. बाहेरचा फोनही कधी आला नाही, ही गोष्ट वेगळी. घरचा तारेचा फोन पोळ्यापासून बंद होता. त्याचा अर्ज आवक झाला होता, जावक व्हायचा होता.

तर गांधी जयंतीला शनिवार-रविवार जोडून आले आणि नागपूरहून रीना आणि जवाई रत्नपाल पाहुणे आले. रविवारी बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या समाप्तीचं भोजनदान होतं, तेही साधणार होतं. पहिल्याच रात्री जेवताना मेश्रामांची नजर जवायाच्या फोनवर गेली. बटणांच्या फटीत कणीक, काचेवर तेलाचं बोट, आणि कोपऱ्यात बहुधा हळद. मेश्रामांचा घास हातात राहिला.

"जवाईबापू, वस्तू वापरणं आणि वस्तू राबवणं यात फरक आहे."

मग त्यांनी तो फरक दही-भात संपेपर्यंत समजावून सांगितला. रत्नपाल मान खाली घालून ऐकत होता. एकदाही "पण मामाजी" म्हणाला नाही. इतका नम्र जवाई पाहून सासऱ्याला भरून आलं. जवायाची मान एवढी खाली का गेली असावी, असा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण ज्याचं व्याख्यान रंगात आलं आहे त्याला श्रोत्यांच्या मानेचा कोन कुठे दिसतो?

शनिवारी सकाळी रीना आणि रत्नपाल स्कूटरनं जवळच्या, गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडला निघाले. किल्ला पाहायचा, दर्ग्यावर जायचं, संध्याकाळच्या वंदनेपर्यंत परत. गिअर कसा टाकायचा, ब्रेक कसा दाबायचा, सीटच्या प्लास्टिकवर टाच कशी लागू द्यायची नाही, हे सगळं सांगून झाल्यावर मेश्रामांनी मागच्या जास्तीच्या चाकावर थाप मारली. "स्टेपनी आहे. काही झालं तर घाबरायचं नाही." ती स्टेपनीही अर्थातच प्लास्टिकमध्ये होती. फोनची बॅटरी उतरली म्हणून रत्नपालनं तो चार्जिंगला लावून घरीच ठेवला. रीनाचा बरोबर होताच.

आता खरं तर इथेच ही गोष्ट संपायला हवी होती. जवाई किल्ल्यावर, फोन भिंतीला, सासरा खुर्चीत. पण मेश्रामांना तो मळका फोन बसल्या जागेवरून बोलावू लागला. जवाई परत येईल, हातात आरशासारखा फोन पाहील, आणि वस्तू कशी ठेवतात ते न बोलता शिकेल! त्यांनी जुना टूथब्रश घेतला, कापूस घेतला, बटणं मऊ पडावीत म्हणून खोबरेलाचा एक थेंब घेतला, आणि न्हाणीजवळ पाट मांडून बसले. तिथे उजेड चांगला होता. तिथे बादलीही होती.

खोबरेलाच्या एका थेंबाचे दोन थेंब झाले. फोन चकाकला. मेश्रामांनी तो उजेडाकडे धरला, मान तिरपी करून पाहिला, आणि फोन त्यांच्या बोटांतून मासोळीसारखा सटकून बादलीत गेला. बादलीत मेश्रामांच्याच बनियनी धुण्याच्या पावडरीत भिजत घातलेल्या होत्या. फोन स्वच्छ निघाला, एवढं मात्र कबूल करायला पाहिजे.

"काय पडलं जी?" सयपाकघरातून अल्काबाईंनी विचारलं.

"साबण," मेश्राम म्हणाले.

बायकोपासून का लपवायचं, असं कोणी विचारील. अल्काबाईंना कळलं की रीनाला कळणार, रीनाला कळलं की जवायाला कळणार, आणि कालचा तो दही-भात! कालच्या व्याख्यानाचा शब्द न् शब्द मेश्रामांना आठवला. चांगलं बोलले होते. तेच आता नडत होतं.

उन्हात ठेवावा तर वर हस्ताचे ढग. पंख्याखाली धरावा तर लोडशेडिंग. मेश्रामांनी फोनची पाठ उघडून तोंडानं फुंकर मारली. त्यातून बुडबुडा आला आणि त्यांच्या नाकावर फुटला. मग फोन रुमालात गुंडाळून ते स्टेशन चौकात श्यामलालच्या पान-रिचार्जच्या दुकानात गेले.

"एखाद्याचा फोन पाण्यात पडला तर काय करतात?" त्यांनी हवापाण्याविषयी बोलावं तसं विचारलं.

"किसका गिरा, बाबूजी?"

"एका ओळखीच्याचा."

श्यामलालनं त्यांच्या रुमालाकडे पाहिलं. रुमालातून फेस गळत होता. "बिल है? डिब्बा है? जिसके नाम का है उसको लाना पडेगा. मंगल को गोंदिया भेजेंगे, वहां से नागपूर जाएगा. आठ-पंधरा दिन पकडके चलो."

जन्मभर दुसऱ्यांना हेच सांगणाऱ्या मेश्रामांनी हे ऐकलं आणि त्यांना श्यामलालचा राग आला नाही, आदरच वाटला. पण आदरानं फोन वाळत नाही. "संध्याकाळपर्यंत काही?"

"घर का इलाज करो. चावल में दबा दो. चावल पानी खींच लेता है."

घरी येऊन त्यांनी फोन रोजच्या तांदळाच्या पिंपात खोल पुरला आणि माजघरात येरझाऱ्या घालू लागले. अर्ध्या तासात राहवेना. उकरून पाहिला तर अंघोळीनंतर पावडर लावलेल्या बाळासारखा पांढराफटक! पिंपातल्या तांदळाला किडे लागू नयेत म्हणून अल्काबाईंनी बोरिक पावडर लावलेली होती. मेश्राम परसात जाऊन फोन झटकू लागले, तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला.

"मेश्रामजी, दिखाओ तो माल."

दुलीचंद बिसेन. धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, आता निवृत्त. शेतकऱ्यानं पोतं सोडायचं, बिसेनांनी दाणा दाढेखाली घेऊन कट् करायचं, आणि ओल किती ते सांगायचं. यंत्र आलं तरी ते आधी दाढेला विचारत. निवृत्तीनंतर दाढ रिकामी होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मेश्रामांनी विचारलं.

"कोणी कायले सांगते? श्यामलालच्या दुकानात पानाले गेलो होतो. ओळखीच्याचा म्हणे." बिसेन कुंपणाच्या अलीकडे आले, त्यांनी फोनमधून बॅटरी काढली आणि मेश्राम हां-हां म्हणेपर्यंत तिचा कोपरा दाढेखाली घेतला. डोळे मिटले. परसातली कोंबडीसुद्धा थांबली.

"अठरा," ते म्हणाले. "सतराच्यावर आमी माल घेतच नव्हतो."

"पण मी तांदळात ठेवला होता."

"कोणत्या?"

"घरच्या. उसन्या."

बिसेनांनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! उसना तांदूळ एक बार पाण्यात शिजून निघालेला. त्याची तहान तिथंच मिटली. तो आता पाणी कायले पिते? अरवा पाहिजे, अरवा! बिनउकडलेला, नवा, बारीक, कडक. अन् बॅटरी लावूनच ठेवा, तिलेही ओल आहे. मग दोन घंटे हात नाही लावायचा."

गावात मेश्रामांचा फोन बुडाला यापेक्षा तो उसन्यात ठेवला, याचंच हसं जास्त झालं असतं. मेश्राम दबक्या पावलानं सयपाकघरात शिरले. फळीवर स्टीलचा मोठा डबा होता. आत अरवा तांदूळ: बारीक, निवडलेला, पाखडलेला, पावडरीचा कण नाही. असा तांदूळ अल्काबाईंनी वेगळा का काढून ठेवला, हे विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण विचारायचं म्हणजे सांगायचं. त्यांनी बॅटरी बसवली, चालू करायचं बटण एकदा दाबून पाहिलं, काही झालं नाही, आणि फोन डब्याच्या पोटात घातला. मग घरात तोंड दिसू नये म्हणून बिसेनांबरोबर स्टेशनकडे फिरायला गेले.

चारच्या सुमाराला परत आले. फळी रिकामी होती.

"अवं, इथला डबा?"

"दानाचा? पार्वताबाई येऊन घेऊन गेल्या ना," अल्काबाई म्हणाल्या. "उद्याच्या भोजनदानाले. सकाळीच निवडून ठेवला होता मी. काऊन?"

"काही नाही," मेश्राम म्हणाले. त्यांचा आवाज उन्हाळ्यातल्या सीटसारखा निघाला.

आता विहारातल्या कोठीविषयी सांगितल्याशिवाय मेश्रामांच्या दुःखाची खोली कळणार नाही. मेश्राम विहार समितीचे सचिव. पूर्वी दानाचा तांदूळ उघड्या पिंपात असे. मेश्राम सचिव झाले आणि त्यांनी स्वतः चित्र काढून लोखंडी कोठी बनवून घेतली. वर नरसाळ्यासारखं तोंड, त्यातून तांदूळ आत जातो. खाली दार, त्याला दोन कुलपं. एक किल्ली सचिवाकडे, एक महिला मंडळाच्या पार्वताबाईंकडे. आणि नियम: कोठीत जे गेलं ते दान झालं, स्वयंपाकाशिवाय दार उघडायचं तर सभेपुढे कारण सांगून, ठराव करून. हा नियम मेश्रामांनी लिहिला होता. कचेरीत त्यांनी लिहिलेलं कोणी वाचत नसे. विहारात वाचलं, टाळ्या वाजवल्या, आणि पाळलंही.

गेल्या वर्षी तांदूळ ओतताना पार्वताबाईंचा चष्मा त्या तोंडातून आत गेला. "भाऊ, उघडा ना जी," त्या म्हणाल्या. भाऊंनी नियमावर बोट ठेवलं. सभा पौर्णिमेला होती. तोवर पार्वताबाईंनी चष्म्याविना दिवस काढले; त्यात एकदा चहात मीठ घातलं, आणि एकदा बसस्टँडवर भलत्याच बाईला वहिनी म्हणून मिठी मारली.

मेश्राम विहारात पोचले तेव्हा पार्वताबाई ओटा झाडत होत्या. मेश्रामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "बाई, तुमची किल्ली द्या बरं. दोन मिनिटांचं काम आहे."

"काऊन जी?"

"आत एक वस्तू गेली आहे."

"तरीच!" पार्वताबाईंनी झाडू खाली ठेवला. "तुमच्या घरचा डबा ओतला तं खण्णकन वाजलं. मी म्हटलं, सचिवाच्या घरचा तांदूळ, वजनदार असन." मग त्यांनी नाकावरचा चष्मा दोन बोटांनी वर सरकवला. हळूच. मेश्रामांना दिसावा इतका हळू. "कोनती वस्तू आहे?"

"आहे एक. घरगुती."

"मंग सभेले सांगा ना. नियम आहे जी. तुमीच वाचून दाखवला होता, आमाले का वाचता येते? आमाले तं तेव्हा दिसतही नव्हतं."

"बाई, जवाई सहाला येऊन राहिला."

"येऊ द्या. जवाई का परका आहे? वंदनेले सगळे सभासद येतात. तेव्हाच सांगा."

मेश्रामांनी विनवलं, चष्म्याबद्दल खेद व्यक्त केला, तो जरा कचेरीच्या भाषेतला झाला आणि त्यानं काम आणखी बिघडलं. तेवढ्यात माणसं जमू लागली. अल्काबाई आल्या. बिसेनही आले, ते कधी वंदनेला येत नसत, पण आज आपल्या अठरा टक्क्यांचं काय झालं ते पाहायला आले. सहा वाजले, जवायाचा पत्ता नव्हता. तेवढाच दिलासा मानून मेश्राम हात जोडून पहिल्या रांगेत बसले. वंदना सुरू झाली. एकेक शील सगळे मिळून म्हणत गेले. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते उच्चारताना मेश्रामांच्या डोळ्यापुढे साबण आला, 'ओळखीच्याचा' आला, 'काही नाही' आलं. आणि नेमक्या त्याच क्षणी कोठीतून कोंबडा आरवला.

साधासुधा नाही. लोखंडी कोठीतून, सगळ्या गावाच्या तांदळाखालून, घुमून आलेला कोंबडा. सगळ्यांनी जोडलेल्या हातांनीच कोठीकडे माना वळवल्या. कोंबडा पुन्हा आरवला.

मेश्रामांच्या अंगठ्याला जे बटण दबलं नाही, ते वरून पडलेल्या मणभर तांदळानं दाबलं होतं. फोन जिवंत होता! मेश्रामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले आणि कोठीकडे धावले. पण दाराला दोन कुलपं होती, आणि हातात एक किल्ली.

"पार्वताबाई!"

"सभा भरलीच आहे," पार्वताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "सचिवांनी कारण सांगावं."

कोंबडा थांबला. पुन्हा सुरू झाला. आणि चंद्रशेखर मेश्राम, ज्यांच्या घरच्या रिमोटला आजवर कोणाचं उघडं बोट लागलं नव्हतं, कोठीला पाठ लावून उभे राहिले आणि तीसएक माणसांसमोर म्हणाले, "जवायाचा फोन आहे. मी पुसत होतो. माझ्याच हातून बादलीत पडला. वाळवायला तांदळात ठेवला, तो दानात आला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"साबण!" अल्काबाई म्हणाल्या. एवढाच एक शब्द. त्यात संसार होता.

"अन् नियमाचं कसं करता?" पार्वताबाईंनी विचारलं.

"नियम," मेश्राम म्हणाले, "नियम चूक होता. माणसाची वस्तू आत गेली तर त्याच दिवशी काढून द्यावी. चष्मा असो की काही असो."

"ठराव मंजूर का जी?"

"मंजूर!" सगळ्यात मोठा आवाज बिसेनांचा होता. ते सभासदच नव्हते.

पार्वताबाईंनी कमरेची किल्ली काढली. दार उघडलं, तांदूळ घमेल्यात भळभळला आणि त्याबरोबर फोन आला, आरवत. मेश्रामांनी हिरवं बटण दाबलं. पाण्यानं आत काय केलं होतं कोणास ठाऊक, पण फोन कानाला लावायची गरज उरली नव्हती. जवायाचा आवाज कर्ण्यातून यावा तसा विहारभर गेला.

"हॅलो! आई का? अं, मामाजी? रीनाच्या फोनवरून सहज लावून पाहिला, तुम्हाला कसा दिसला?"

"वाजला म्हणून घेतला."

पलीकडे आवाज घाबरून खाली आला. तरी मागल्या भिंतीपर्यंत नीट पोचत होता. "वाजला? खरंच वाजला? मामाजी, एक सांगतो, कोणाले बोलू नका. रीना तिकडे पंक्चरवाल्याशी बोलून राहिली म्हणून सांगतो. तो फोन माझ्या हातून दोन महिन्यांपूर्वी भर पावसात नालीत पडला होता. तेव्हापासून वाजतच नव्हता, नुसता थरथरे. रीनानं वाढदिवसाला दिला होता, तिला सांगितलं नाही. काल तुम्ही बोलले तेव्हा मले वाटलं, तुम्हाला कळलंच."

मेश्रामांनी मान वर करून पाहिलं. तीस माणसं श्वास रोखून ऐकत होती. पार्वताबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

मेश्रामांच्या मनात जमेचा एक भला मोठा आकडा उभा राहत होता. बंद पडलेला फोन सासऱ्यानं एका दिवसात बोलता केला! "होते असं," ते मोठ्या मनानं म्हणाले. "वस्तूच्या बाबतीत माणसानं दक्ष..."

"हो मामाजी. अन् ते पंक्चरचं. चाक बदलायला गेलो तं स्टेपनीत हवाच नाही. प्लास्टिक काढून पाहिलं. पंक्चरवाला म्हणते, हिच्यात कधी हवा भरलीच नाही. रबराले आतून चिरा गेल्या आहेत. सहा वर्षं अशीच होती का?"

जमेचा आकडा जागच्या जागी पुसला गेला. विहारात आधी बिसेनांचं हसू फुटलं, मग पार्वताबाईंचं, आणि मग बांध फुटावा तसं सगळ्यांचंच. अल्काबाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या.

"मामाजी, तिकडे कसला आवाज आहे?"

"वंदना संपली," मेश्राम म्हणाले. मग त्यांनी तोंडापुढे हात धरला, आणि अजून कोणाला ऐकू जात नाही असं समजून कुजबुजले, "जवाईबापू, स्टेपनीचं तुमच्या सासूले नका सांगू."

"नाही सांगत. तुम्ही फोनचं रीनाले नका सांगू."

"नाही सांगत."

रात्री आठला स्कूटर दारात आली, मागचं चाक दुरुस्त, स्टेपनी उघडी. मेश्रामांनी फोन जवायाच्या हातात दिला. तो त्यांनी पुन्हा पुसला होता, कोरड्या फडक्यानं, पलंगाच्या मधोमध बसून, आणि दुधाच्या पिशवीत घालून वर रबर लावलं होतं. रत्नपालनं पिशवीकडे पाहिलं, मग स्टेपनीकडे पाहिलं, आणि फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी भोजनदानाला पंगत बसली. मेश्राम वाढायला होते. जवायाच्या पानाशी आले तेव्हा त्याच्या खिशात कोंबडा आरवला आणि सगळी पंगत एकदम खाली पाहून जेवू लागली.

"अय्या, वाजते तुमचा फोन!" रीना म्हणाली. "मले वाटलं होतं बिघडला, म्हणून विचारलं नाही. तुमाले वाईट वाटलं असतं."

पार्वताबाईंनी चष्म्याच्या वरून आधी जवायाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"भात वाढा जी सचिव," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरचाच आहे. चांगला वाळलेला."